सबनिसांच्या गाडीची मागची खिडकी

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘हूड, सीट कव्हर, ताडपत्री’ असं लिहिलंय आणि खाली मोबाइल नंबर. नाव नाही. त्यामुळे नवं गिऱ्हाईक आत आलं की आधी इकडेतिकडे बघतं आणि मला विचारतं, “कारागीर कुठे गेलाय?” मी म्हणते, “बसा, येईल.” त्यांना पाणी देते, पंखा लावते आणि मग मापाची टेप गळ्यात अडकवून मीच गाडीकडे निघते. केस पांढरे झाले तरी ही गंमत करायचा मला कंटाळा आलेला नाही.

आमच्या ओळखीच्या एका बाईंनी या अंकासाठी लिहा म्हणून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, छपरं शिवणाऱ्या बाईचं काय वाचणार लोक? त्या म्हणाल्या, “पुस्तकं लिहिणाऱ्यांचं दर वर्षी वाचतोच की.” म्हणून हे लिहायला बसले.

माझं माहेर जांभूळ गावचं. भातशेती, दोन म्हशी आणि घरात पाच मुली. लग्न करून उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात आले आणि गल्लीतल्या बाकीच्या बायकांसारखी मीही जीन्सच्या कारखान्यात बसले. तिथे अख्खी पँट कुणीच शिवत नाही. कुणी चेन लावतं, कुणी पट्टा, आणि माझ्याकडे मागचे खिसे. माझ्या हातच्या खिशांत देशभरच्या पोरांनी कंगवे ठेवले असतील. समोरच्या बाजूला लछूसेठचं हूडचं दुकान होतं. एक दिवस त्यांचा मास्टर गावी गेला तो आलाच नाही. सेठ कारखान्याच्या दारात येऊन बराच वेळ माझ्या हाताकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, “अदी, ये सीधी लाइन तू चलाती है? फिर खिसे में क्यों टाइम गमाती है? मेरे पास आ जा.” सिंधीत अदी म्हणजे बहीण. मरेपर्यंत त्यांनी मला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नाही आणि दुकान सोडताना मशीन माझ्याच हवाली केलं. त्यांच्या फोटोला मी रोज उदबत्ती लावते. दुकानातून फुकट काही मागायला कुणी आलं की त्या फोटोकडे बोट दाखवते.

आता धंद्याबद्दल थोडं सांगते. रिक्षाला, जुन्या जीपला कापडी छप्पर असतं, त्याला आम्ही हूड म्हणतो. हूडच्या पाठीला एक आरपार दिसणारी खिडकी असते. ती काचेची नसते, कारण काचेची घडी होत नाही. जाड, पारदर्शक प्लॅस्टिक असतं आणि ते कापडाला शिवलेलं असतं. सगळी मेख या शिवण्यात आहे. कापडाला टाका चुकला तर उसवायचा, भोक दोन दिवसांत बुजतं. प्लॅस्टिकला एकदा सुई लागली की ते भोक जन्माचं. शिवाय जीन्सला टाके जितके बारीक तितकं काम पक्कं, इथे नेमकं उलटं. बारीक टाके घातले की भोकांची रांग होते आणि पहिल्याच खड्ड्यात खिडकी त्या रांगेवरून फाटत जाते. म्हणून टाका लांब ठेवायचा आणि पहिल्या फेरीतच बरोबर घालायचा. टाचण्या चालत नाहीत, तिथे आम्ही कपडे वाळत घालायचे चिमटे वापरतो. प्लॅस्टिक मशीनच्या पायाला चिकटतं म्हणून त्यावर टाल्कम पावडर मारतो. माझ्या दुकानात लहान बाळ असल्यासारखा वास येतो तो त्यामुळे.

खिडकीच्या बाबतीत माणसं काय काय मागतात! एका रिक्षावाल्याला बदामाच्या आकाराची हवी होती, बायको रुसली होती म्हणून. करून दिली. मोरिवलीच्या एका जीपवाल्याने खिडकी खूप खाली घ्यायला लावली. का, तर त्याचा कुत्रा मागे बसायचा आणि त्याला बाहेरचं दिसत नव्हतं. तीही करून दिली. हल्ली रिक्षा येताना कंपनीचंच हूड घेऊन येते, जिपा तर दिसेनाशाच झाल्या. माझं पोट आता सीट कव्हरांवर चालतं. त्यात शिवण आहे, मजा नाही. म्हणून सबनिसांची गाडी आली त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला होता.

खरं तर गाडीआधी आला तो आवाज. “येऊ द्या... येऊ द्या... जरा डावीकडे... अहो, तुमची डावी! येऊ द्या... बास! बास म्हटलं ना!” मी बाहेर आले तर बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, दोनच माणसांची, काळ्या कापडी छपराची एक परदेशी गाडी उलटी माझ्या शेडखाली शिरत होती. गाडीच्या मागे साठी उलटलेल्या एक बाई एका हातात काठी घेऊन उभ्या होत्या. दुसऱ्या हाताने त्या गाडीला जवळ बोलवत होत्या, नुकतं चालायला लागलेल्या नातवाला बोलवावं तसं. बोटं हलत होती, बांगड्या वाजत होत्या, ‘बास’ म्हणताना तर काठीसकट दोन्ही हात वर गेले. जीन्सचे गठ्ठे वाहणारे हमालसुद्धा थांबून बघायला लागले.

गाडीतून उतरले ते सबनीस काका. मोरिवलीच्या बाजूच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांनी मोठ्या हुद्द्यावर नोकरी केली आणि आता बदलापूरला राहतात. निवृत्त झाल्यावर मुलगा म्हणाला फ्लॅट घ्या, तर यांनी ही गाडी घेतली. लहानपणी कुठल्याशा कॅलेंडरवर अशी गाडी बघितली होती म्हणे. “छप्पर उघडायचं आणि हिला घेऊन फिरायचं, एवढंच मनात होतं,” ते म्हणाले.

“फिरलो की,” काकू म्हणाल्या. “एक हिवाळा आणि एक उन्हाळा. तेव्हापासून ही उघडी गाडी बंदच आहे.”

मागची खिडकी बघितल्यावर कारण कळलं. प्लॅस्टिक दुधासारखं पांढरं आणि पापडासारखं कडक झालं होतं. छप्पर खाली घेतलं असतं तर घडीवरच तडकलं असतं, म्हणून इतकी वर्षं छपराला कुणी हात लावला नव्हता. आणि त्यातून पलीकडचं काहीही दिसत नव्हतं. आतल्या आरशात काका फक्त भांग पाडायचे. बाजूच्या आरशांत भिंती दिसायच्या, पण बरोबर मागे काय आहे ते सांगायला दर वेळी काकू उतरायच्या. सोसायटीत, भाजी मार्केटला, मुलीच्या घरी, सगळीकडे. काका त्यांच्या आवाजावर गाडी मागे घ्यायचे.

आता काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. चढ-उतार जेवढा टाळाल तेवढं बरं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलाने लग्नसमारंभाला गाड्या भाड्याने देणारा एक माणूस शोधला होता आणि तो रविवारी गाडी बघायला येणार होता.

“मागचं मला स्वतःला दिसलं तर हिला उतरावं लागणार नाही,” काका म्हणाले. “मग गाडी राहील. नाहीतर रविवारी द्यायची, असं आमचं ठरलंय.”

“माझं काही ठरलेलं नाही,” काकू म्हणाल्या, “तुमचं आणि तुमच्या मुलाचं ठरलंय.”

मी खिडकीच्या कडेने अंगठा दाबत गेले. वरच्या बाजूला कापड चांगलं होतं. खाली उजव्या कोपऱ्यात मात्र दोरा हाताला भुकटीसारखा लागला आणि कापड नखानेच विरायला लागलं. मी काही लपवत नाही, आणि असल्या बाबतीत तर मुळीच नाही. मी सरळ सांगितलं की नवी खिडकी बसवता येईल, पण हा कोपरा धरेल की नाही याची हमी देत नाही. शिवताना फाटला तर फाट वरपर्यंत जाईल आणि हूडच संपेल. या गाडीचं दुसरं हूड कुठून आणणार? काका माझ्याकडे बघेनात, कोपऱ्याकडे बघत राहिले.

“करा तुम्ही,” काकू म्हणाल्या. “फाटलं तर फाटलं. असं ठेवून तरी काय करायचंय?”

मी मागचा भाग सोडवायला घेतला. वरून चेन होती, ती उघडली. खालची कड आतून नटबोल्टने धरलेली होती. काकांना बघवेना, ते नाक्यावरून दाल पकवान, आमच्याकडचा सिंधी नाश्ता, आणायला गेले. ते वळणावरून दिसेनासे झाले तशा काकू स्टूल ओढून माझ्या अगदी जवळ आल्या.

“ताई, एक सांगते, ह्यांना बोलू नका. ही खिडकी मी घालवलीय.”

“म्हणजे?”

“दसरा होता. गाडीची पूजा करायची म्हणून सकाळी उठून गाडी पुसली. खिडकी चमकेना. आमच्याकडे तसबिरींच्या काचा रॉकेलच्या बोळ्याने पुसायची पद्धत होती, लखलखीत व्हायच्या. मी चांगला हात भरून रॉकेल चोळलं. दोन दिवस छान दिसली हो! मग पांढरी पडत गेली.” त्या पदराने नाक पुसायला लागल्या. “एवढ्या हौसेने आणलेली गाडी. म्हणून मग मीच उतरायला लागले मागे. म्हटलं, डोळे मी घालवलेत तर डोळे मीच होते.”

मला ते आधीच कळलं होतं. पांढऱ्या प्लॅस्टिकवर गोल गोल हात फिरवल्याच्या खुणा स्पष्ट होत्या, पण मी ते त्यांना सांगितलं नाही. रॉकेलने काच पुसणारी बाई प्लॅस्टिकही रॉकेलनेच पुसणार, त्यात पाप ते काय? मी म्हटलं, “काकू, उन्हानेच जाते ही. आज ना उद्या जाणारच होती.” त्यांना पटलं नाही, पण बरं वाटलं.

लछूसेठने मला एक गोष्ट पहिल्याच महिन्यात शिकवली होती. नवी खिडकी शिवून होईपर्यंत जुनी कापायची नाही. नवखे कारागीर आधी जुनी काढून टाकतात, मग मधली जागा मोकळी झाली की कापड वाटेल तसं ढिलं पडतं आणि माप पळतं. आपण जुनीच्या अंगावरच नवी ठेवायची, जुनीच्या ताणावर शिवायची आणि सगळं झाल्यावर आतून जुनी कापून घ्यायची. मी तसंच केलं. फक्त शिवणीची रेघ जुन्या रेघेच्या बाहेर, चांगल्या कापडावर घेतली आणि मागून खाटेला विणतात ती सुती नवार लावली, म्हणजे कोपऱ्याचं ओझं त्या नवारीवर जाईल. सगळीकडून चिमटे लावले, पावडर मारली आणि मशीनवर बसले.

दाल पकवान आलं होतं, पण कुणी हात लावला नाही. तीन बाजू झरझर झाल्या. मोठं मशीन चालायला लागलं की गल्लीतले हॉर्नसुद्धा ऐकू येत नाहीत. उजव्या कोपऱ्याशी आल्यावर मी मोटर बंद केली आणि चाक हाताने फिरवायला सुरुवात केली. एक टाका, कापड बघायचं, पुढचा टाका. दोन ठिकाणी कापड कुरकुरलं. काकूंनी माझ्या स्टुलाची कड घट्ट धरलेली मला जाणवत होती. मला सांगावंसं वाटलं की बाई, स्टूल हलवू नका, पण धीर झाला नाही. वळण घेतलं, शेवटचे टाके घातले, दोरा कापला आणि दोन्ही हातांनी कोपरा ताणून बघितला. तो धरून राहिला. इतक्या खिडक्या शिवलेली बाई मी, पण त्या दिवशी माझा जीव खरंच भांड्यात पडला.

मग जुनं प्लॅस्टिक कापून काढलं. काकूंनी ते उचलून डोळ्यांपुढे धरलं आणि त्यातून काकांकडे बघितलं. “यातून तुम्ही अजून तसेच दिसता,” त्या म्हणाल्या.

“कसा?”

“कोण आहे ते कळत नाही.”

काका तोवर पकवान खायला लागले होते, ते इतके हसले की तुकडे शर्टावर सांडले.

खालचे बोल्ट आवळायचं काम बराच वेळ चालतं. काकू समोरच्या दुकानात परकराचं कापड बघायला गेल्या. काका माझ्याजवळ उकिडवे बसले आणि पान्हा देता देता हळूच म्हणाले, “ताई, प्लॅस्टिक कशाने गेलं ते तुमच्या लक्षात आलं असेलच.”

मी म्हटलं, “उन्हाने.”

“रॉकेलने,” ते म्हणाले. “आयुष्य रसायनांत गेलं माझं. दसऱ्याला गाडीत बसलो तेव्हाच वास आला. पण ती हार घालत होती, खूष होती, काय बोलणार? आणि नंतर बोलायची वेळ निघून गेली. खिडकी बदलायला टाकली असती तर कशी गेली हा विषय निघाला असता, म्हणून टाकलीच नाही. तिला बोलू नका हं.”

मी मान डोलवली. दुसरं काय करणार? एका दिवसात मी त्या दोघांची एकच गोष्ट दोनदा गिळली होती. नवरा-बायकोच्या मध्ये बसायचं असेल तर तोंड शिवून घ्यावं, आणि शिवणं तर माझा धंदाच आहे. आता तुम्ही म्हणाल, मग इथे का लिहिलं? तर मध्यंतरी त्यांचं त्यांनीच एकमेकांना सांगितलं. पुढच्या दसऱ्याला काकूंनी गाडी पुसायला कोरडं फडकं घेतलं तेव्हा काका पटकन बोलून गेले, “आज रॉकेल नाही?” मग जे भांडण झालं ते काकूंनी मला फोनवर इतकं रंगवून सांगितलं की हसून हसून मला सीट कव्हर शिवता येईना. इथे लिहायची परवानगीही त्यांनीच दिली. फक्त आडनाव बदला म्हणाल्या, ते मी बदललंय.

पण त्या दिवशीचं अजून थोडं राहिलंय.

काम संपलं तेव्हा दुपार टळली होती. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. काही दिवस छप्पर उघडू नका, नवं प्लॅस्टिक ताणून बसू द्या. नंतर उघडायचं तेव्हा आधी मागची चेन सोडून खिडकी आडवी करा, वर मऊ सुती कापड पसरा आणि मगच छप्पर खाली घ्या. पुसायला नुसतं पाणी. ‘नुसतं पाणी’ म्हणताना मी दोघांपैकी कुणाकडेच बघितलं नाही.

काकू गाडीत बसल्या, काकांनी गाडी शेडमधून बाहेर काढली आणि ते गल्लीच्या तोंडाकडे निघाले. तेवढ्यात समोरून जीन्सचे गठ्ठे भरलेला टेम्पो आत शिरला. आमच्या गल्लीत दोन गाड्या एकमेकींना बाजूने जाऊ देत नाहीत. टेम्पोवाला डोकं बाहेर काढून ओरडला, “काका, थोडा पीछे लो ना, माल उतारना है!”

लगेच डाव्या बाजूचं दार उघडलं. काठी बाहेर आली, मग काकू.

“अगं, तू कशाला उतरतेस? दिसतंय मला आता!” काका आतून ओरडले.

पण काकू तोवर मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. सवयच ती. “येऊ द्या,” त्यांनी सुरुवात केली. “येऊ द्या... येऊ द्या...” हात पुढे, बोटं हलताहेत, बांगड्या वाजताहेत, मान पण त्याच तालात. गाडी थोडी मागे आली आणि मध्येच थांबली.

मला वाटलं कोपरा फाटला. धावत गेले. काका आतल्या आरशात बघत होते. त्यांचा चेहरा मला पहिल्यांदा कळेचना.

“काय झालं काका?”

“ही हात पण करते?” ते म्हणाले.

“मग? आल्यापासून करताहेत. सकाळीही केले.”

“मला फक्त आवाज यायचा,” ते म्हणाले. आरशावरची नजर त्यांनी काढली नाही. “इतकी वर्षं. मला वाटायचं नुसती उभी राहून ओरडते.”

मागून काकूंनी हाक मारली, “अहो, थांबलात का? भरपूर जागा आहे!” आणि परत दोन्ही हातांनी बोलवायला लागल्या. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. काकांनी गाडी मागे घेतली, अगदी सावकाश, काकूंचे दोन्ही हात काठीसकट वर जाईपर्यंत. “बास!” टेम्पो आत आला, कडेच्या कारखान्याच्या फाटकात वळला आणि रस्ता मोकळा झाला.

काकू दाराशी पोचल्या, पण काकांनी दार उघडलं नाही. त्यांनी काच खाली केली.

“तू तिथेच उभी राहा जरा,” ते म्हणाले. “मी परत मागे घेतो.”

“अहो, पण रस्ता मोकळा झालाय!”

“असू दे.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं, कपाळावर हात मारला आणि काठी टेकत परत मागे गेल्या. काकांनी गाडी पार गल्लीच्या तोंडापर्यंत पुढे नेली, आरसा नीट केला आणि उलटी आणायला सुरुवात केली. मागे भरपूर जागा होती. “येऊ द्या,” काकू म्हणत होत्या, “येऊ द्या, येऊ द्या.”